साडेबारा आणे हवा

गुरांच्या दवाखान्याची कवाडं डॉक्टरांनी आल्या आल्या बिजागऱ्यांतून काढली आणि मागच्या भिंतीला टेकवून ठेवली. घरमालक शेटजी धोतराचा सोगा सावरत धावत आले. जैन माणूस, पाण्यासारखे शब्दही गाळून घेणारा. "डॉक्टरसाहेब, सागाची आहेत हो," एवढंच म्हणाले.

"सागाची हायेत म्हणूनच काढली, शेटजी. लावून ठेवली तं झिजतीन ना."

तेव्हापासून आमचा दवाखाना आठही प्रहर उघडा. उन्हाळ्यात कुत्री येऊन फरशीला पोट टेकायची, हिवाळ्यात शेळ्या यायच्या. गावानं त्यांचं नाव पाडलं, बिनकवाड्या डॉक्टर. एसटीत ते खिडकीशी बसत आणि पौषाच्या थंडीतही काच उघडी ठेवत. मागच्या बाया तोंडावर पदर घेऊन शिव्या घालत. लग्नात मांडवाच्या कडेच्या खांबाशी बसत. कुणी घरात चहाला बोलावलं तर कपबशी घेऊन उंबऱ्यावर येत.

"आत बसा ना, साहेब."

"आत काय हाये? हवा बाहेर हाये."

ते प्रेमळ नव्हते. हे आधीच सांगतो, कारण गेलेल्या माणसाला गोड करून सांगायची आपल्याकडे खोड आहे. नागपूरला शिकलेला माणूस, पण बोलायचे मुद्दाम आमच्यासारखं, आणि त्या बोलीत अपमान फार चांगला करता येतो, हे त्यांना ठाऊक होतं. गाय धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्यांदेखत ते मला म्हणायचे, "याले पगार सरकार देते, अक्कल कोन देईन?" लोक हसायचे. मीही हसायचो. ते हसणं माझ्या पोटात साचत गेलं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

आणीबाणी नुकतीच उठली होती. वाशीम तेव्हा नुसता तालुका, जिल्हा अकोला. शेलूबाजारहून कच्च्या रस्त्यानं आत गेलं की ते गाव लागे. तिथे गाईंना परदेशी वळूचं गोठवलेलं बीज भरायचं केंद्र निघालं होतं. डॉक्टर केंद्राचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा पर्यवेक्षक, आणि पुंजाजी परिचर. मी अनसिंगचा, पंचविशीतला, नोकरी कच्ची, लग्न नवं. पुंजाजी त्याच गावचा, माझ्या दुप्पट वयाचा.

बीज बारीक कांड्यांत असायचं आणि कांड्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या. त्याचा कंटेनर म्हणजे दुधाच्या कॅनचा थोरला भाऊ, पोट सुटलेला, मान आखूड. झाकण उचललं की पांढरा धूर कडेवरून ओघळून जमिनीवर सांडायचा. ते बघायला पहिल्या महिन्यात निम्मं गाव येऊन गेलं.

"काहो डाक्तर, येवढ्याशा डब्यात सांड मावते कसा?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"शिंगं कापून भरतो, आबा."

"अन् मंग गायीनं लात मारली तं?"

"तिले म्हना, गोऱ्ह्याच्या बापाले शोध. तो तिकडे परदेशात चरून राह्यला."

पण त्या डब्याजवळ गेलं की डॉक्टरांची थट्टा संपायची. कंटेनरला ते म्हातारी म्हणत. "म्हातारीच्या डोक्यावर पदर असू द्या, पन गयाले फास नको." म्हणजे झाकण नुसतं ठेवायचं, आवळायचं नाही. आतलं द्रव सारखं उकळत असतं, त्याची वाफ बाहेर पडली नाही तर कंटेनर बॉम्बसारखा फुटतो. हातमोजे ढिले घालायचे, द्रव आत गेलं तर झटकून फेकता आले पाहिजेत. पँट बुटाच्या आत खोचायची नाही, बाहेरून सोडायची. "बुटात शिरलं तं पाय काढून घेईन सरकार. नवा नायी देत." शून्याच्या खाली एकशे शहाण्णव अंश, पण अंगावर पडलं की विस्तवासारखं पोळतं. त्यांच्या डाव्या तळहातावर तशी एक गुळगुळीत खूण होती. कुठे झाली हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

पण थंडीला ते भीत नव्हते. धुरालाही नाही.

"धूर म्हनजे नुसती भाप. तो दिसते, म्हून सज्जन हाये. जे दिसत नायी त्याले भ्या. वास नायी, रंग नायी, चव नायी. वाघ बरा, वाघाले वास तरी असते." मग बोटांवर मोजून हिशेब सांगत: "एक रुपया, म्हनजे सोया आने हवा घेतली तं साडेबारा आने नायट्रोजन. जल्मापासून घेऊन राह्यलो, काही करत नायी. सवातीन आने प्रानवायू, त्याच्यावर आपन जगतो. आता ह्या डब्यातलं एक लोटा सांडलं तं सातशे लोटे वायू होते. खोली बंद असली तं तो त्या सवातीन आन्यायले बाहेर ढकलते. अन् थंड असते म्हून खाली बसते, पेवातल्या वाईट हवेसारखा."

पेव आमच्याकडे सगळ्यांना माहीत. जमिनीतलं ज्वारीचं कोठार, उघडल्यावर आधी कंदील सोडायचा, विझला तर माणूस उतरवायचा नाही. मलाही माहीत होतं. हे लिहून ठेवतो, म्हणजे मी अजाणतेपणी केलं असं कुणाला वाटायला नको.

त्यांचा सगळ्यांत विचित्र नियम बोलण्याचा होता. मोठ्या कंटेनरमधून लहान कॅनमध्ये नायट्रोजन ओतताना ओतणाऱ्यानं मोठ्यानं बोलत राहायचं, काहीही, आणि दुसऱ्यानं बाहेर उभं राहून ऐकायचं. "गुदमरते म्हून मानसाले समजतच नायी. छाती दाटत नायी, ठसका येत नायी. बसल्या जागी बसते अन् उठत नायी. म्हून तोंड चालू ठेवा. तोंड थांबलं का बाहेरच्यानं समजायचं."

मी पाढे म्हणायचो. पुंजाजी आपल्या आटलेल्या म्हशीला बोलायचा. "वा बाई, वा! खाते मयाकडे अन् दूध देते सपनात! तुया परीस मायी सासू बरी, ते निदान येत नायी!" रस्त्यानं जाणारे थांबून ऐकत. पुंजाजीची बायको गिरजाबाई एकदा डबा घेऊन आली तेव्हा तिनं ते ऐकलं आणि आतल्या नवऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात सासूचं उत्तर बाहेरून दिलं. त्या दिवशी डॉक्टर हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

वैशाखात नागपूरहून येणारी नायट्रोजनची गाडी चुकली. डॉक्टर दुसरा, रिकामा कंटेनर जीपमध्ये घालून शेलूबाजारला जाऊन बसले. सडकेच्या कडेला, लिंबाखाली, येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवत. जाताना मला म्हणाले, "म्हातारी ओसरीवरच राहू दे. उडालं तं उडालं. बीज मेलं तं दुसरं येते."

ऊन असं होतं की ओसरीतल्या माठातलं पाणी कोमट व्हायचं. मी लाकडी पट्टी बुडवून पाहिली. पट्टीवर बसणारं दव दर वेळी खाली उतरलेलं, म्हणजे नायट्रोजन उडत चाललेलं. सगळ्या कांड्या मेल्या असत्या, आणि जबाबदार मी. कच्च्या नोकरीचा माणूस. साहेबांनी चारचौघांत काय म्हटलं असतं, तेही मला तिथूनच ऐकू येत होतं.

शेटजी सहकुटुंब शिरपूरला देवदर्शनाला गेले होते. त्यांच्या मागच्या पडवीत तळघर होतं, फरशीत लाकडी झाकण, खाली दगडी पायऱ्या. गुळाच्या ढेपा, तुपाचे डबे तिथे असत. किल्ली विश्वासानं आमच्या दवाखान्यात खिळ्याला टांगून गेले होते. आमच्या वऱ्हाडात उन्हाळा लागला की जे जपायचं ते माणूस खाली नेतो. पाणी, पानं, लोणी. थंड वस्तू थंड जागी. इतकी साधी गोष्ट या नागपूरवाल्याला कळत नाही, असंच मला वाटलं. मी आणि पुंजाजीनं म्हातारी तळघरात नेऊन ठेवली.

"डाक्तरसायेबानं नायी म्हनलं होतं," पुंजाजी म्हणाला.

"साहेब शेलूबाजारात आहेत. इथं मी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका खेड्यात गाय माजावर आल्याचा निरोप आला. मी पुंजाजीला लहान कॅन भरून आणायला खाली पाठवलं. मी पाठवलं. स्वतः अंगणात आरसा टेकवून दाढी करायला बसलो. झाकण उघडंच होतं, त्याचा आवाज वर येत होता. "आज तुले इकतोच. शेलूबाजारात नेतो अन् पहिला जो भाव देईन…"

आणि थांबला.

मला वाटलं, काम झालं. दुसऱ्या गालावरचा साबण वाळत होता, म्हणून मी तो गाल पुरा केला.

हाक मारली, उत्तर नाही. पायऱ्यांवर गुडघाभर पातळ धूर. पुंजाजी गुळाच्या ढेपांना टेकून बसलेला, मान छातीवर, कंटेनर त्याच्या पायाशी आडवा. ओतताना कलंडला असणार. मी दोन-तीन पायऱ्या उतरलो आणि डोकं गरगरलं. कसाबसा वर आलो. डॉक्टरांनी शिकवलं होतं, पहिल्याच्या मागं दुसऱ्यानं उडी घालायची नाही, आधी हवा खेळू द्यायची. मी पडवीची सगळी दारं उघडली, पोत्यानं वारा घातला आणि थांबलो. त्या दिवशी मी पाळलेला त्यांचा तो एकच नियम. आणि त्या थांबण्यात माझं डोकं माझ्या नोकरीच्या विचारानं भरून गेलं.

मग श्वास धरून खाली उतरलो, आणि आधी कंटेनर वर आणला.

हे वाक्य मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आधी कंटेनर वर आणला, ओसरीवर त्याच्या जागी ठेवला, लहान कॅन ठेवला, आणि मग पुन्हा उतरून पुंजाजीला ओढलं. तेवढ्या वेळात तो जिवंत होता की नव्हता, मला माहीत नाही. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे दोन-चार श्वासांतच सगळं संपतं. मी ते म्हणणं इतकी वर्षं हाताशी धरून आहे.

लोक जमले. किल्ली कुलपात, माणूस गुळापाशी. कुणीतरी म्हणालं, "गूय चोरायले उतरला अन् खालची हवा लागली." आमच्याकडे हवा लागणं म्हणजे भूतबाधा. मी चोर म्हणालो नाही. मी फक्त काहीच म्हणालो नाही. ऊन चढत होतं, प्रेत ठेवता येईना, दुपारीच नेलं. शेटजी परत आले तेव्हा त्यांना सगळं सांगण्यात आलं. ते भले गृहस्थ, हात जोडून म्हणाले, "जाऊ द्या, गेलेल्या माणसाचं काही बोलू नये." झालं. त्यांच्या भलेपणानं पुंजाजीच्या चोरीवर शिक्का बसला.

डॉक्टर उन्हं कलताना आले, भरलेला कंटेनर घेऊन. पुंजाजीचं कळल्यावर त्यांनी ओसरीवरच्या म्हातारीत पट्टी बुडवली. तळाशी जेमतेम दव. भर उजेडात कंदील पेटवून ते तळघरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पुंजाजीची एक चप्पल होती, रबरी. तिचे दोन तुकडे झाले होते. कडा काचेसारख्या सरळ.

मला बाजूला घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला. "आधी कोन वर आलं?"

"साहेब, कंटेनर खाली नव्हताच."

ते "बरं" म्हणाले. पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यानंतर ते ती चप्पल घेऊन गावात हिंडायला लागले. पारावर, गिरणीत, गिरजाबाईच्या दारात बसलेल्या पाहुण्यांत. "हे पाहा. रबर फाटते, बापू, मोडत नायी. हे मोडलं. काहून मोडलं? नायट्रोजन सांडलं याच्यावर, काच झाली याची. तो चोर नोयता. मया कामानं उतरला होता. मया केंद्रानं मारला त्याले." लोक विचारत, "कायनं मेला म्हन्ता?" "हवेनं." "भुताच्या?" "नायी बे, आपल्याच हवेनं! साडेबारा आने रोज घेतो ते!" लोक एकमेकांकडे पाहत. मेलेल्या माणसाची चप्पल हातात धरून रोजच्या हवेनं माणूस मेला म्हणणारा. माझं नाव त्यांनी कुठेही घेतलं नाही. घेतलं असतं तर मी भांडलो असतो, आणि भांडणात कदाचित खरं तोंडातून निसटलं असतं.

लोकांनी गाई आणणं बंद केलं. मग अकोल्याहून एक वरिष्ठ आले. जीपला टेकून, सगळ्यांदेखत त्यांनी मला विचारलं, "यांचं काय म्हणता तुम्ही?"

मी सांगितलं. कवाडं काढली, एसटीत काच लावू देत नाहीत, उंबऱ्यावर चहा पितात, डब्याला म्हातारी म्हणतात, आम्हाला ओतताना बडबड करायला लावतात. यातलं एकही खोटं नव्हतं. त्यांनी मान हलवली. "आणि कंटेनर तळघरात होता, म्हणतात ते?"

"नाही साहेब. त्यांच्या मनानं घेतलंय. डोकं फिरलंय त्यांचं."

डॉक्टर चार हातांवर उभे होते. त्यांनी चप्पल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवायचं ठरलं. ते जाताना मला समोर असायचं नव्हतं, म्हणून मी अनसिंगला निघून गेलो. परतलो तेव्हा शेटजींनी कवाडं पुन्हा बसवून घेतली होती. केंद्राचा चार्ज माझ्याकडे आला, पुढं नोकरी पक्की झाली. नायट्रोजन ओतताना मी कुणाला बोलायला लावलं नाही. दारं मात्र उघडी ठेवायचो, उकाड्याचं निमित्त सांगून.

डॉक्टर पुन्हा कामावर आले नाहीत. कुठे बहिणीकडे राहतात, एवढं कानावर होतं. जाऊन भेटावं असं दर वर्षी वाटायचं आणि दर वर्षी काही ना काही निघायचं. मागच्या साली एका सहकाऱ्यानं चहा पिता पिता सांगितलं, "तुमचे ते येडे डॉक्टर वारले म्हणे." मी म्हणालो, "हो का." चहा संपवला. त्यानंतर मला झोप लागेना.

म्हणून यंदा त्या गावी गेलो. वाशीम आता जिल्हा झालाय, सडक डांबरी झालीय. गिरजाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं, गालावरच्या साबणासकट. तिचे हात थांबले नाहीत.

"डाक्तरनं तवाच सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुमी नायी म्हनले. तुमी शाने, तो येडा. कोनाचं खरं धरते गाव?"

"चुकलं माझं, बाई."

"मले कायले सांगता? मले मालूम होतं माया मानूस गूयचोर नायी. पोरीच्या दोन सोयरिकी मोडल्या ह्या गुयापायी, तवा या लागत होतं." तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "पारावर जा. थेती मोठ्यानं सांगा."

पारावर पाच-सहा जण होते. मी उभा राहून सांगितलं. एका म्हाताऱ्यानं कानामागं हात धरला, म्हणून पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. पुंजाजी चोर नव्हता. मी पाठवलं होतं. डॉक्टर खरं बोलत होते.

कडेला पस्तिशीचा एक जण हातावर तंबाखू मळत होता, त्यानं मान वर केली.

"म्हनजे डाक्तर येडा नोयता?"

"नव्हता."

"तुमीच तं म्हनलं होतं त्या सायबाले. जीपपाशी. आमी पोट्टे थेतीच उभे होतो."

"हो. मीच म्हणालो होतो."

"तुमी अनसिंगले गेल्ते." तो मळायचा थांबला होता. "तो पेटी घेऊन मोटारीकडे चालला. आमी मांगं मांगं, येडा येडा करत. गोटे मारले आमी त्याले. पार नाल्यापर्यंत. एक मया हातचा लागला, कानापाशी. रगत आलं. त्यानं मांगं पाह्यलं बी नायी."

हे मला माहीत नव्हतं. एकवीस वर्षांत कुणी मला सांगितलं नव्हतं.

"कोठी असते आता डाक्तर?" त्यानं विचारलं.

"वारले."

त्यानं ती तंबाखू तोंडात न टाकता खाली झटकली.

"तुमी आमाले सांगून मोकये झाले, भाऊ," तो म्हणाला. "मी कोनाले सांगू?"